तुमच्या हार्डडिस्कमध्ये आमचा एक म्हातारा अडकलाय

गाडीला टँकबॅग, गळ्यात कॅमेरा आणि शनिवार-रविवार मोकळा असलेल्या समस्त मंडळींना,
शहाद्याहून (जिल्हा नंदुरबार) राम राम.

हे पत्र पुणे-मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना आहे, सुरतेच्या बाजूनं चढून येणाऱ्यांना आहे, आणि आपल्या जळगाव-धुळ्याच्या भावांनाही आहे, ते घरचे आहेत म्हणून त्यांना काही सूट नाही. कोकणातले सगळे बीच करून झाले, सगळ्या जेट्ट्यांवर गाडी उभी करून सूर्यास्त काढून झाला, की मग कोणाला तरी तोरणमाळ आठवतं, आणि ग्रुपवर मेसेज पडतो की यावेळी खान्देश कव्हर करू. या की, आनंदच आहे. पण एक हिशोब बाकी आहे, तुम्ही काढून नेलेल्या आमच्या माणसांच्या फोटोंचा, तेवढा बोलू द्या.

मी कोण, तर शहाद्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, झेरॉक्स, लग्नाची ऑर्डर, वाढदिवसाचं बॅनर, जे दारात येईल ते. आणि सुट्टीच्या दिवशी मीही तुमच्यातलाच, १२५ सीसीची शाईन, पाठीवर सॅक, सॅकमध्ये जुना निकॉन आणि ५० एमएमची एक लेन्स जिला आमच्या घरात सवत म्हणतात. त्यामुळे हे काही साधूचं प्रवचन नाही, चोरानं चोरांना लिहिलेलं पत्र आहे असं समजा.

झालं असं की मागच्या हिवाळ्यात एक पोरगा दुकानात आला. तिशीच्या आतला, पायात चिखल, म्हसावदकडच्या बाजूचा. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधारकार्ड काढलं आणि म्हणे, आधारवरला फोटू मोठा करी द्या ना भाऊ, बाप गेला. उत्तरकार्याला फ्रेम पाहिजे होती. आता ज्यांनी कधी हे काम केलं नाही त्यांना सांगतो, आधारवरचा फोटो म्हणजे बोटाच्या पेराएवढा, तोही झेरॉक्सची झेरॉक्स केल्यासारखा, माणूस कोणत्याही कॅम्पमध्ये रांगेत तीन तास उभा राहून कंटाळलेला, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर ट्यूबलाइटचा पांढरा डाग. तो १२ बाय १५ करायचा म्हणजे चेहरा राहत नाही, नुसते चौकोन राहतात. मग आम्ही काय करतो, फोटोशॉपमध्ये डोळे उघडतो, केस काळे-पांढरे नीट करतो, मागं निळा पडदा टाकतो आणि अंगावर तयार कोट चढवतो. खान्देशातल्या अर्ध्या घरांच्या भिंतीवर जे म्हातारे कोट घालून बसलेत ना, त्यांनी जन्मात कोट घातलेला नाही, तो आमच्या कॉम्प्युटरमधला आहे, एकच कोट सगळ्यांना.

मी सवयीनं कोट चढवला. पोरगा स्क्रीनकडं बघत होता, हळूच म्हणाला, कोट नका घालू भाऊ, वळखू येत नहीत.

मी विचारलं दुसरा फोटो नाही का एखादा, लग्नातला, यात्रेतला, मोबाइलमधला. तर म्हणे मोबाइल मागच्या वर्षी विहिरीत पडला. आणि मग त्यानं सांगितलं की बापाचे लई फोटो आहेत, पण ते पुण्याला आहेत.

म्हटलं पुण्याला कोण आहे तुमचं?

कोणीच नाही. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास, राणीपूरच्या अलीकडं, तोरणमाळ रोडला, ढग एकदम खाली आलेले, चार-पाच मोठ्या गाड्या थांबल्या. बाप दोन शेळ्या घेऊन चालला होता, हातात काळी छत्री, एक काडी मोडलेली. गाडीवाल्यांना ते फार आवडलं. त्यांनी त्याला थांबवलं, छत्री उघडायला लावली, मग धुक्यातून आपल्याकडं चालत यायला लावलं, मग पुन्हा मागं जायला लावलं, शेळ्या सरळ चालेनात म्हणून अजून एकदा. तीनदा. शेवटी एकानं कॅमेऱ्याची मागची काच त्याला दाखवली, आणि शंभराची नोट देऊ केली, ती त्यानं घेतली नाही, चहा पाजला त्यांनाच. (हे खरं असणार, आपल्याकडची माणसं चहाला सोडत नाहीत.) आणि पुढं दोन वर्षं घरी-दारी, बाजारात, कोणाच्याही लग्नात तो सांगत फिरला की आपला फोटो पुण्याला गेला. एकदा तर म्हणे पोराला विचारलं, तुझ्या मोबाइलात येत नाही का रे तो.

मी त्या दिवशी रात्री दुकान बंद करून शोधायला बसलो. तोरणमाळ, सातपुडा, शहादा, मॉन्सून राइड, जेवढे हॅशटॅग सुचले तेवढे. बाप रे बाप. सीताखाईचे शेकडो, यशवंत तलावाचे शेकडो, सात पायरीच्या वळणावर गाडी तिरपी करून काढलेले तर मोजताच येत नाहीत. आणि मधे मधे आमची माणसं. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई, 'जीवन'. कुडाच्या घराच्या दारात पोरगी, 'निरागस'. म्हातारा, बिडी, सुरकुत्या, ब्लॅक अँड व्हाइट, 'अनुभव'. एकाच्याही खाली नाव नाही, गाव नाही. गाडीचं मॉडेल आहे, लेन्स आहे, आयएसओ आहे, शटर आहे. ज्याचं तोंड आहे त्याचंच नाव तेवढं नाही. छत्रीवाला काही सापडला नाही. रात्री दीड वाजला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं, मी माझी स्वतःची हार्डडिस्क लावली.

बारा-तेरा वर्षांचे फोटो. लग्नाच्या ऑर्डरी सोडून, नुसते फिरतानाचे. त्यात माणसं किती असतील, तर मी मोजायला बसलो आणि चारशेला थांबलो, पुढं मोजवलं नाही. त्यातल्या किती जणांना फोटो दिला? बोटावर मोजण्याइतक्या, तेही ओळखीतले. आणि माझ्या दुकानात प्रिंटर आहे भो! दहा पावलांवर! तुम्हाला तरी सबब आहे.

एक फोटो सांगतो. नंदुरबारची मिरची तुम्हाला माहीत असेल, नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या, गावाबाहेर पथाऱ्या लागतात, एकरच्या एकर ओली लाल मिरची उन्हात पसरलेली, बघणाऱ्याचे डोळे फिरतात, लांबून सुंदर आणि जवळून खोकला. तिथं बायका दिवसभर बसून देठ खुडतात, तोंडाला पदर, बोटं जळतात म्हणून काही जणी चिंधी गुंडाळतात. मी तिथं एका म्हातारीचा फोटो काढला होता, लाल ढिगामागं नुसते डोळे दिसतात असा, माझ्या आयुष्यातला चांगल्या दहांतला एक. मागच्या साली पुन्हा गेलो तर तिघं पोरं ड्रोन उडवत होती. वरून काढा ना, हरकत नाही, पण त्यांना क्लोज पाहिजे होता म्हणून ते यंत्र एवढं खाली आणलं की त्याच्या वाऱ्यानं वाळलेल्या मिरचीची धूळ उठली आणि पंधरा-वीस बायका एकदम उठून खोकत पळाल्या. पोरं हसत सॉरी सॉरी म्हणाली. एक बाई जे बोलली ते लिहिता येत नाही. माझी म्हातारी तिथंच होती, मी ओळख दाखवली, म्हटलं मावशी तुमचा फोटो काढला होता मी. ती म्हणाली, दर साल कोनी ना कोनी काढस, माले तं एक बी दखाडा नही कोनी.

तिच्या हिशोबात मी आणि ते ड्रोनवाले एकच. आणि तिचा हिशोब चूक आहे असं मला म्हणता येईना.

आता जरा आडवं जाऊ द्या. भुसावळला एका गोऱ्या साहेबाची कबर आहे, रॉबर्ट गिल. अजिंठ्याला जाताना तुम्ही सगळे भुसावळ-जळगाववरून जाता पण तिथं कोणी थांबत नाही. कंपनी सरकारनं या गिलला १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला धाडलं. त्यानं वर्षानुवर्षं गुहांमध्ये बसून, वाघ-मलेरिया सोसून मोठमोठ्या कॅनव्हासवर नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेस नावाच्या तिथल्या काचेच्या प्रदर्शन-इमारतीला आग लागली त्यात बहुतेक सगळ्या खाक. त्या आगीच्या आधीच त्यानं कॅमेराही धरला होता, फोटो काढले होते, म्हणजे या भागातला आपला आद्य पुरुषच म्हणा ना. १८७९ मध्ये इकडंच गेला. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थी घेऊन आले, पुन्हा वर्षानुवर्षं नकला, त्याही लंडनला, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यातल्याही कितीतरी जळाल्या. मला हे वाचल्यापासून एकच वाटतं, की एक सेट, एकच, इथल्या एखाद्या चावडीत ठेवला असता तर? दोन्ही वेळा नेलेलं सगळं एकाच ठिकाणी ठेवलं आणि ते ठिकाण पेटलं. तुमची ती दोन टीबीची काळी डबी म्हणजे तुमचा क्रिस्टल पॅलेसच आहे. खाली पडली, टक टक आवाज आला, की संपलं, माझ्या दुकानात महिन्याला एक तरी जण रडवेला होऊन ती घेऊन येतो.

हां, तर पुढचं. मला अक्कल आली ती समुद्रावर.

आम्हा खान्देशवाल्यांचा समुद्र म्हणजे कोकण नव्हे हो, कोकण आम्हाला परदेश. आमचा समुद्र तापीच्या तोंडाशी. मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर वाहते, चांगदेवला पूर्णा घेते, आमच्या प्रकाशा गावापाशी गोमाई घेते, आणि सुरतेच्या पुढं डुमसकडं जाऊन दर्यात पडते. माझी फार दिवसांची इच्छा होती की नदीच्या सोबतीनं गाडी न्यायची. पहाटे साडेचारला निघालो, प्रकाशाच्या पुलावर पहिला थांबा, केदारेश्वराच्या घाटावर धुकं, एक नावाडी, चांगला फोटो. मग नंदुरबार, मग नवापूर. नवापूर स्टेशनवर सगळे काढतात तो फोटो मीही काढला, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, एका बाकड्यावर दोन राज्यं. मग सोनगड, उकाई धरणाच्या पाण्याचं दर्शन, (धरणावर कॅमेरा काढू नका, गार्ड ऐकून घेत नाही आणि त्याचं बरोबर आहे,) व्यारा, बारडोली, आणि सुरतेच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. डुमसला पोचलो तर ओहोटी.

डुमसची वाळू काळी. ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की समुद्र आहे की नाही अशी शंका येते, नुसता चकाकणारा चिखल आणि लांब कुठंतरी रेघ. मी गाडी लावली, टोमॅटोची भजी खाल्ली, आणि घोडेवाले, उंटवाले, पाण्याकडं चाललेल्या बायका काढत सुटलो. तेवढ्यात एक जण शेजारी आला, पन्नाशीचा, गळ्यात कॅमेरा आणि खांद्याला जड पेटी. बीचवरचा फोटोवाला. पर्यटकाचा फोटो काढायचा, पेटीत बॅटरीवरचा प्रिंटर, दोन मिनिटांत प्रिंट हातात, पैसे घ्यायचे. हा धंदा मोबाइलनं मारलाय पण तो अजून करतो. मी मोबाइलवर घरी बोलत होतो ते त्यानं ऐकलं असणार, एकदम म्हणाला, कथाना भो? (म्हणजे कुठला तू.)

शहादाना, म्हटलं.

मना बाप साक्रीकडना, म्हणे. उधन्याला राहतो, बाप पॉवरलूमला आला तो तिथलाच झाला. सुरतेत आपली माणसं किती आहेत ते काय सांगायचं, उधना-लिंबायतला अहिराणी बोलत फिरा, कोणी वळून बघणार नाही. मग बसलो दोघं. त्यानं माझा कॅमेरा हातात घेतला, मागं मागं जाऊन फोटो बघितले, उंटवाल्याच्या फोटोवर थांबला, चांगलाय म्हणाला. आणि साध्या आवाजात विचारलं, मंग फोटू काढीसन त्यासले देतस का नही?

नाही म्हटलं.

मंग काढतस कसाले?

मी काहीतरी बोललो, आवड आहे, छंद आहे. तो काही बोलला नाही. उठला, उंटवाल्याला हाक मारली, माझ्या कार्डातला फोटो स्वतःच्या प्रिंटरमधून काढला, (कार्ड त्याच्या प्रिंटरला चाललं नाही आधी, रॉ फाइल होती, मग कॅमेऱ्यातच जेपीजी करून घेतली,) आणि उंटवाल्याला नेऊन दिला. उंटवाल्यानं तो उंटाला दाखवला. खरंच, उंटाच्या तोंडासमोर धरला, आणि मग शर्टाच्या आत, छातीशी ठेवला, खिशात नाही. प्रिंटचे पैसे मी द्यायला लागलो तर फोटोवाला म्हणे राहू दे, आपल्या गावकडचा आहेस.

येताना रात्री कोंडाईबारी घाटाच्या थंडीत हेल्मेटमध्ये एकटाच बडबडत आलो.

तर मग मी काय केलं. साठ प्रिंट काढल्या. ४ बाय ६, मॅट, कारण ग्लॉसी उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात आणि इकडचा उन्हाळा म्हणजे तुम्हाला माहितीये, भुसावळला ४५-४६ डिग्री म्हणजे बातमी पण होत नाही. प्रत्येकीच्या मागं तारीख आणि ठिकाण, जेवढं आठवलं तेवढं. आणि तीन महिने, दर रविवारी, नवीन फोटो न काढता नुसतं वाटत फिरलो. सोपं नाही हां. फोटो काढायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, द्यायला अख्खा दिवस जातो. एका प्रिंटसाठी धडगावपर्यंत जाऊन आलो, चांदसैली घाटातून, तर माणूस ऊसतोडीला गेलेला, सहा महिन्यांनी येणार. प्रिंट त्याच्या भावजयीला दिली, तिनं आधी फोटो बघितला नाही, आधी मला विचारलं की किती पैसे.

सारंगखेड्याचं मात्र छान झालं. दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार, तुम्ही सगळे तिथं घोड्याच्या उड्या काढायला येताच. तिथला एक मोतद्दार, राजस्थानकडचा, आधीच्या वर्षी मी काढलेला, आता त्याचा पत्ता कुठून आणायचा. पण यात्रा म्हणजे स्वतःच पत्ता असते ना, पुढच्या डिसेंबरात तो त्याच लिंबाखाली, दुसरा घोडा घेऊन. फोटो दिला तर स्वतःकडं बघितलंच नाही त्यानं, घोडा बघून डोळे भरले, तो घोडा विकला गेला होता. त्यानं प्रिंट घोड्याच्या पाण्याच्या बादलीवर पालथी ठेवली, मग सरळ केली, मग पुन्हा पालथी.

आणि सगळीकडं कौतुकच झालं असं समजू नका. एका आठवडे बाजारात मी एका मुलीचा फोटो काढला होता, बांगड्या भरताना, हसत होती, चांगला होता. प्रिंट घेऊन त्या गावात गेलो, दुकानदाराला दाखवली की ही कोण, घर कुठं. संध्याकाळपर्यंत तिचा भाऊ आणि अजून दोघं माझ्या गाडीपाशी उभे. हा फोटो तुझ्याकडं आला कसा? अजून किती आहेत? कोणाकोणाला दाखवला? मी स्टुडिओचं कार्ड दाखवलं, हात जोडले, त्यांच्यासमोर मोबाइलमधली कॉपी काढून टाकली, घरी येऊन हार्डडिस्कमधली पण. भाऊ चुकला नव्हता. मी तिला विचारलं नव्हतं ना, लांबून २०० एमएम लावून काढला होता, आणि त्याला नाव दिलं होतं 'कँडिड'. तेव्हापासून लांबची लेन्स पक्ष्यांसाठी, हतनूर धरणावर बदकं काढायला न्या काय ती. माणूस काढायचा तर दोन हातांच्या अंतरावर जायचं, म्हणजे तोंड उघडून बोलावंच लागतं.

साठातल्या चौतीस पोचल्या. सात जण वारलेले निघाले, त्यांच्या घरी दिल्या, त्या वेगळ्या गोष्टी आहेत, इथं लिहीत नाही. बाकीच्या डब्यात आहेत.

होळीचं बोलायलाच पाहिजे. काठी गावची राजवाडी होळी, अक्कलकुव्याच्या वर, देवगोई घाट चढून मोलगीच्या बाजूला. आता ती एवढी गाजली की होळीच्या रात्री तिथं कॅमेरे किती आणि माणसं किती कळत नाही. बुध्या म्हणजे अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे-घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, तुमच्यासाठी तो फोटोचा खजिना, मला कळतं, माझेही हात थरथरतात. पण तो माणूस नाटकातला नट नाही, त्यानं नवस घेतलाय, पालनी पाळतोय, अनवाणी, खाटेवर न बसता, दिवसेंदिवस. मागच्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर एकानं एका बुध्याला दंडाला धरून उजेडाकडं वळवलं, इकडं बघ इकडं बघ करत. पालनीतल्या माणसाला हात लावला! आणि फ्लॅश तोंडावर. तो काही बोलला नाही, नाचातून बाहेर गेला आणि अंधारात उभा राहिला. गाड्या गावाबाहेर लावा, दुपारी पोचा, कोणाच्या तरी ओट्यावर बसा, काय चाललंय ते विचारा, रात्री फ्लॅश बॅगेत. पहाटे होळी पेटते तेव्हा उजेड असा पडतो की फ्लॅशची गरजच नाही, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

कोणी म्हणेल फार ताणतोय हा, फोटोच तर आहे. अहो, चाळीसगावला जाऊन या. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, जन्म १९१२, गेले १९८९ ला. जगभर नाव झालेला फोटोग्राफर, आणि हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर काड्या-दगड-गवत मांडून त्यातून डोंगर, बर्फ, संध्याकाळ उभी केली. तुम्ही पाटणादेवी-पितळखोऱ्याला जाताना त्यांच्या दारावरून गाडी दामटता. ते घर बघून आल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली, की या माणसानं कोणाच्या दारात जाऊन काही उचललं नाही, त्याला कोणाचं परत द्यायचं राहिलं नाही. आपण दारोदार फिरणारे, आपलं तसं नाही.

बरं, करायचं काय ते सांगतो, जमेल तसं घ्या. फोटो काढला की नाव विचारा आणि ते मोबाइलमध्ये बोलून ठेवा, लिहायला वेळ नसतो आणि हातात ग्लोव्ह असतो. त्याच्या जवळ मोबाइल नसला तरी गावात किराणा दुकान असतं, पिठाची गिरणी असते, आशाताई असतात, त्यांच्यापैकी एकाचा नंबर घ्या, पण घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात पाठवा, नंतर विसरता, मीही विसरलोय. नुसता व्हॉट्सॲप चांगला नाही, तो फोनसोबत विहिरीत पडतो, प्रिंट पाठवा, साध्या पोस्टानं पोचते, गाव, पोस्ट, तालुका आणि पिनकोड एवढं पुरतं, आमचे पोस्टमन माणसं ओळखून आहेत. लॅमिनेशन केलं तर उत्तम, कुडाच्या घरात पावसाळ्यात साधी प्रिंट टिकत नाही. माणसाला सरळ उभं करून, नीट कपडे घालून, त्याच्या आवडीचा एक फोटोही काढा, तुमचा तो धुक्यातला कलात्मक तुम्हाला ठेवा, पण भिंतीवर लावायला त्याला समोर बघणारा लागतो. आणि जाता जाता, मोबाइल थेट हँडलला लावून कॅमेरा म्हणून वापरत असाल तर काढा तो, इंजिनच्या कंपनानं आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो हे ॲपलनं २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय, माझ्याकडं दुरुस्तीला दोन येऊन गेले. समुद्रावरून आल्यावर चेन धुऊन तेल द्या, हे मी न धुता शिकलो.

आता ज्या कामासाठी एवढं लिहिलं ते.

दोन वर्षांपूर्वीचा पोळा, आगेमागे आठ दिवस. शहादा-तोरणमाळ रोड, म्हसावद सोडल्यावर, राणीपूरच्या अलीकडं. चार किंवा पाच मोठ्या गाड्या, एकीला मागं नारिंगी रंगाची बॅग होती असं पोराच्या आईला आठवतं. उंच, वाकलेला म्हातारा, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत, वर फिकट निळा शर्ट, डोक्याला लाल गमछा, डाव्या कानात बारीक बाळी. दोन शेळ्या, एक पांढरी, एकीचं एक शिंग तुटकं. काळी छत्री, एक काडी बाहेर आलेली. तुम्ही त्याला तीनदा चालायला लावलं आणि त्यानं तुम्हाला चहा पाजला. चहा काळा होता, दूध त्या दिवशी नव्हतं, त्याचं त्याला फार वाईट वाटलं होतं असं घरचे सांगतात.

तुमच्यापैकी कोणाकडं तरी तो आहे. बघा हार्डडिस्क लावून. ब्लर असला तरी चालेल, नाकारलेला, पाठमोरा सोडून कोणताही. पोरगा आधारवरची फ्रेम घेऊन गेलाय, कोट काढून दिलाय मी. पण फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला खिळे मारलेले नाहीत, नुसती टेप लावून ठेवली आहे.